औंधचा राजा आणि आमची चौकट

तिगावच्या आमच्या जुन्या वाड्याला सागवानी चौकट होती. दोन्ही बाजूंना वेली, मध्ये पोपट, आणि वर गणेशपट्टी. लहानपणी आम्ही त्या पोपटांच्या डोळ्यांत शेंगदाण्याची टरफले खोचायचो आणि आजीच्या शिव्या खायचो. वाटण्या झाल्या, वाड्याची मागची भिंत बसली, आणि एका उन्हाळ्यात जुन्या लाकडाचा एक व्यापारी टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. काका म्हणाले, "ठेवून का करता आता? वाळवी लागून रायली." मी इतिहासाचा प्राध्यापक. वर्गात वारसा, संस्कृती या विषयांवर तासन्‌तास बोलणारा. पण त्या दिवशी मी चौकटीच्या मापाची फूटपट्टी धरून उभा होतो, भावात शंभर रुपये वाढवून घेतले आणि पैसे मोजून काकांच्या हातात दिले. चौकट गेली.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण वर्गातला एक प्रश्न. अठराव्या शतकातल्या युरोपबद्दल शिकवत असताना मी चार्ल्स टाउनली या इंग्रज उमरावाची हकीकत मुलांना सांगत होतो. हा गृहस्थ १७३७ साली लँकेशायरमध्ये बर्नलीजवळच्या टाउनली हॉल या वडिलोपार्जित वाड्यात जन्मला. घराणे मातब्बर, जमीनजुमला भरपूर, पण धर्माने कॅथलिक. त्या काळच्या इंग्लंडात कॅथलिकांना पार्लमेंटची आणि सरकारी पदांची दारे बंद होती. पैसा आहे, शिक्षण आहे, करायला काम नाही. असा माणूस इटलीत गेला आणि जुन्या रोमन संगमरवरी मूर्तींच्या नादी लागला. तीन वेळा इटलीच्या वाऱ्या केल्या, दलाल नेमले, आणि लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरच्या पार्क स्ट्रीटवर खास या मूर्तींसाठी घर सजवले. ते घर तो लोकांना पाहू देई. हौशी माणसे, चित्रकलेचे विद्यार्थी तिथे येत, मूर्तींसमोर बसून रेखाटने करीत.

मुलांना आवडली ती क्लायटीची गोष्ट. क्लायटी म्हणजे फुलाच्या पाकळ्यांतून वर आलेला एका तरुणीचा संगमरवरी अर्धपुतळा. टाउनलीचा हा सर्वांत लाडका. १७८० च्या जूनमध्ये लंडनमध्ये कॅथलिकांविरुद्ध मोठी दंगल उसळली, घरे जाळली गेली. आपलेही घर पेटणार या भीतीने टाउनली बाहेर पडला. असे सांगतात, की निघताना त्याने एवढा एक पुतळा उचलला आणि "बायकोला मागे कसे सोडू" म्हणत तो गाडीत ठेवला. टाउनली जन्मभर अविवाहित होता. घर सुदैवाने वाचले.

एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आपल्याकडे असं कोणी नव्हतं का?"

मी नेहमीचे उत्तर दिले. आपल्या भागावर नागपूरकर भोसल्यांचे राज्य. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. राजवाड्यातले जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात काढले. ज्या घराण्याने जमवायचे, त्याचेच विकले गेले. मग १८६३ साली इंग्रजांनी नागपुरात अजब बंगला काढला, तो आपण सहलीत पाहतो. एवढे बोलून मी तास संपवला. पण हे उत्तर अर्धेच होते, हे मला माहीत होते. मराठी मुलखात असा एक संग्राहक राजा होऊन गेला आणि त्याचा संग्रह अजून जागेवर आहे, हे मी वाचले होते. पाहिले मात्र नव्हते.

त्या हिवाळ्याच्या सुट्टीत नागपूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली, साताऱ्याला उतरलो आणि एसटीने खटाव तालुक्यातल्या औंधला गेलो. सौ. बरोबर होत्या. त्यांना यमाईचे दर्शन घ्यायचे होते, मला चित्रे पाहायची होती. औंधला ही दोन्ही कामे एकाच टेकडीवर होतात. माथ्यावर यमाईचे देऊळ आणि चढणीवर मध्येच श्रीभवानी संग्रहालय. देवीला जाणारा माणूस चित्रांवरून जातो. जागा निवडणाऱ्याला आपली माणसे नीट कळलेली होती, हे माझे तिथल्या तिथे झालेले मत.

दारातल्या माणसाने विचारले, "कुठनं आलाय?" मी म्हटले, मध्य प्रदेश, पांढुर्ण्याजवळून. "आणि मराठी बोलताय की!" हे वाक्य आपण सीमेवरची माणसे जन्मभर ऐकतो. नागपुरात ऐकतो, पुण्यात ऐकतो. मी हसून तिकिटे घेतली.

आता या राजाविषयी. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, लोकांच्या तोंडी बाळासाहेब. जन्म २४ ऑक्टोबर १८६८. प्रतिनिधी हे मराठेशाहीतले पद, छत्रपतींचे प्रतिनिधी. घराणे जुने, पण संस्थान लहान. सगळी मिळून ७२ गावे, आणि तीही सलग नव्हेत. औंध इकडे, आटपाडी तिकडे दुष्काळी पट्ट्यात, कुंडल कृष्णेच्या बाजूला, एक तुकडा पार विजापुराकडे. बाळासाहेब पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, बी.ए. झाले. गादी मिळाली १९०९ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. म्हणजे राजा होण्याआधी माणूस म्हणून जगायला त्यांना पुष्कळ वर्षे मिळाली. चित्रे काढणे, कीर्तन करणे, व्यायाम, प्रवास हे सगळे नाद आधीच जडलेले होते.

सूर्यनमस्कारांचा त्यांचा प्रसार बहुतेकांना ठाऊक असतो. शाळाशाळांतून त्यांनी नमस्कार घालायला लावले, त्यावर पुस्तके लिहिली आणि १९३६ साली विलायतेला गेले तेव्हा तिथल्या लोकांनाही शिकवले. आमच्या पिढीला शाळेत पी.टी.च्या तासाला जे बारा नमस्कार घालावे लागले, त्यामागे या राजाचा हात आहे. तेव्हा कळले असते तर मनातल्या मनात चार शब्द ऐकवले असते!

ते स्वतः चित्रकार होते. रामायणावरची त्यांची चित्रमाला १९१६ साली पुस्तकरूपाने छापली गेली. खरे सांगायचे, तर त्यांची चित्रे मला थोडी ताठ वाटतात. माणसे उभी आहेत, दागिने जिथल्या तिथे आहेत, पण वारा नाही. रविवर्म्याच्या चित्रातल्या साडीची चुणीसुद्धा काहीतरी बोलते, तसे इथे होत नाही. पण या राजाला आपल्याहून चांगला चित्रकार कोण, हे बरोबर ओळखता येत होते. संग्राहकाला दुसरे काय लागते? संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत, धुरंधरांची आहेत, किरातार्जुनीयाच्या कथेवरचा पहाडी शैलीतला संच आहे. तो संच पाहायला मी दोनदा मागे फिरलो. हस्तिदंतावरचे आणि चंदनावरचे कोरीव काम आहे. युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकलाही आहेत. ज्या शेतकऱ्याच्या पोराला रोमला जाणे या जन्मी जमणार नाही, त्याच्यासाठी नक्कल का होईना.

आणि एका ठिकाणी दगडातले एक लहानसे शिल्प आहे. आई आणि तिचे मूल. डोळे-नाक कोरीव नाही, सगळे गोलाईत. ते हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे आहे, ज्याची शिल्पे पाहायला लोक लंडनला आणि न्यूयॉर्कला जातात. सौ. म्हणाल्या, "आपल्या पोळ्याच्या मातीच्या बैलासारखं आहे, हातानं दाबून केल्यासारखं." मूरविषयी मी पुष्कळ जड लेख वाचले आहेत, पण इतके नेमके वाक्य त्यांत आढळले नाही.

बाळासाहेबांनी माणसेही जमवली. श्रीपाद दामोदर सातवळेकर मुळात चित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. ते पुढे वेदांकडे वळले, १९१८ साली औंधला आले आणि स्वाध्याय मंडळातून वेदांची भाषांतरे, संस्कृत शिकवणारी पुस्तके काढत राहिले. तीस वर्षे ते तिथे होते. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर नावाजलेले चित्रकार झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा याच राजाने कुंडलजवळचे माळरान दिले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. ग. दि. माडगूळकर याच संस्थानातले. औंधच्या शाळेत शिकले.

तरीही मला सर्वांत जवळची वाटते ती महाभारताची गोष्ट. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचे ठरवले. देशभरातल्या हस्तलिखित पोथ्या गोळा करायच्या, ओळ न्‌ ओळ ताडून पाहायची आणि जुन्यात जुना पाठ ठरवायचा. १९१८ साली बाळासाहेबांनी या कामाला एक लाख रुपये देण्याचे जाहीर केले. त्या वेळचे एक लाख, आणि तेही ७२ गावांच्या राजाचे! सुखटणकरांनी संपादलेल्या पहिल्या खंडांच्या मुखपृष्ठावर बाळासाहेबांचे नाव आहे, पण देणगीदार म्हणून नव्हे, चित्रकार म्हणून. जुन्या नमुन्यांवरून चित्रे काढणारा, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे द्रौपदीला नऊवारी नेसवायची नाही, भीमाला पेशवाई पगडी घालायची नाही. प्राचीन शिल्पांत वस्त्रे कशी, मुकुट कसे, रथाचे चाक कसे, ते पाहून चित्र काढायचे. चित्रांना वारा लागत नाही अशी तक्रार मी वर केली. पण हे वाचल्यावर वाटले, या माणसाचा जीव वाऱ्यापेक्षा रथाच्या चाकात जास्त होता. चित्रकाराच्या कपड्यांतला तो पुराणवस्तूंचा अभ्यासक होता. महाभारताचे ते काम १९६६ साली पुरे झाले. तोवर बाळासाहेबांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती.

जुने नमुने पाहायला ते लेण्यांत हिंडले. वेरूळवर त्यांनी १९२९ साली आणि अजिंठ्यावर १९३२ साली इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तके लिहिली. राजेलोक पाहुण्यांबरोबर शिकारीचे फोटो काढीत त्या दिवसांत हा राजा कोणत्या लेण्यात कोणत्या भिंतीवर काय आहे, ते लिहून ठेवत होता.

इथे टाउनलीकडे परत यावेसे वाटते. त्याच्या संग्रहात रोमन मूर्तींबरोबर घारापुरीच्या शिल्पाचा एक तुकडाही होता. १७८४ च्या सुमारास एक इंग्रज कप्तान तो जहाजातून घेऊन गेला. आपल्या मुंबईच्या खाडीतल्या लेण्याचा तुकडा, लंडनच्या दिवाणखान्यात क्लायटीच्या शेजारघरी. टाउनली १८०५ साली वारला. मूर्तींसाठी दालन बांधावे ही त्याची इच्छा वारसांकडून पुरी झाली नाही आणि मूर्ती वीस हजार पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकल्या गेल्या. घारापुरीचा तो तुकडाही तिकडेच आहे. टाउनली वाईट माणूस नव्हता. त्याने ते प्रेमाने जपले, लोकांना दाखवले. पण त्याने ज्या वस्तूवर प्रेम केले ती तिच्या जागेवरून उठली. बाळासाहेब वेरूळला गेले, कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि परत आले. कैलास लेणे तिथेच राहिले. हा फरक मला टेकडीवरच्या त्या दालनात उभे असताना कळला, आणि लगेच आमच्या चौकटीची आठवण झाली. जीव मुकाट झाला.

औंधहून परतल्यावर मी हे सगळे आमच्या स्टाफरूममध्ये उत्साहाने सांगितले. अर्थशास्त्राचे एक सहकारी चहा पिता पिता म्हणाले, "आटपाडीच्या दुष्काळी शेतकऱ्याच्या साऱ्यातून रविवर्मा विकत घेतला, आणि तुम्ही कौतुक करता?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. राजाचा पैसा म्हणजे शेवटी रयतेचाच पैसा. टाउनलीची गोष्ट वेगळी नव्हती, तिकडेही कुळांच्या खंडावरच संगमरवर आले. मी उत्तर दिले ते असे. पहिली गोष्ट, चित्रे राजवाड्याच्या आतल्या दालनात राहिली नाहीत. १९३८ साली संग्रहालयाची इमारत उभी राहिली, तीही गावात, यात्रेच्या वाटेवर. मुंबई-पुण्याला नाही. दुसरी गोष्ट, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात या राजाने आपली सत्ता प्रजेला देण्याची घोषणा केली आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना लागू झाली. त्यात त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनियर पुढे होते, आणि घटनेचा सल्ला घ्यायला ही मंडळी गांधीजींकडे आली ती सेवाग्रामला. आपल्या वर्ध्याला! इंग्रजांचे राज्य जायला अजून आठ वर्षे होती. देशातल्या शेकडो संस्थानिकांत असे करणारे किती निघाले, ते बोटांवर मोजावे लागेल. आटपाडीजवळ कैद्यांची उघडी वसाहत स्वतंत्रपूर याच वर्षी सुरू झाली. 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा १९५७ चा चित्रपट तिच्यावरूनच सुचलेला.

सहकाऱ्यांचे यावर समाधान झाले नाही. "सत्ता दिली हे चांगले केले, पण चित्रांचा हिशेब त्याने फिटत नाही," ते म्हणाले. मला वाटते त्यांचेही खरे आहे. दुष्काळातल्या माणसाला आधी पाणी लागते. पण तो पैसा चित्रांत गेला नसता तर विहिरींत गेला असता, याचीही खात्री कोण देणार? पुष्कळ संस्थानांत तो मोटारींत आणि घोड्यांच्या शर्यतींत गेला. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब गेले. चित्रे टेकडीवर आहेत.

औंध हे गाव आहे, शहर नव्हे. एसटी स्टँड, चार चहाच्या टपऱ्या, कडब्याच्या गाड्या. आपल्या तिगावहून फार वेगळे वाटत नाही. फक्त आपल्याकडे कापूस आणि संत्री, तिकडे ज्वारी. उतरताना देवळाच्या पायरीवर एक आजी बसल्या होत्या. मी विचारले, संग्रहालय पाहिले आहे का? म्हणाल्या, "लहानपणापास्नं बघतोय की. ती रामाची चित्रं हायती न्हवं?" त्यांना हेन्री मूर ठाऊक नसेल. पण तो त्यांच्या गावात आहे, आणि त्यांच्या नातवंडांना एखाद्या दुपारी उन्हातून आत यावेसे वाटले तर तो तिथेच असेल.

घरी आल्यावर मी त्या व्यापाऱ्याचा शोध घेतला. दुकान बदलले होते, चौकट केव्हाच विकली गेली होती. कुठल्या तरी मोठ्या शहरात, एखाद्या हॉटेलच्या दारात ती उभी असेल. असेल तर बरी राहिली असेल. पण तिगावच्या माणसाला आता ती दिसायची नाही, आणि ज्याला दिसेल त्याला ती तिगावची आहे हे कळायचे नाही.

गेल्या वर्षी मात्र एक झाले. चुलतभावाच्या गोठ्यात गेलो असता गव्हाणीच्या मागे एक आडवे लाकूड टेकवलेले दिसले, शेणाने माखलेले. खरवडले तर सोंड निघाली. आमची गणेशपट्टी! टेम्पोत मावली नव्हती की मजुरांनी तशीच टाकली होती, कोणास ठाऊक. वहिनी म्हणाल्या, "घेऊन जा न भाऊजी, आमच्या कोन्या कामाची हाय?" मी ती धुतली, जवसाचे तेल चोळले आणि प्राचार्यांची परवानगी काढून इतिहासाच्या खोलीत भिंतीवर बसवली. खाली एक टेबल ठेवले आहे. मुलांना सांगितले, घरात मोडीत निघणारे काही असेल तर आधी मला दाखवा. आतापर्यंत एक अडकित्ता, पितळी चिमणी, कापूस मोजायचे जुने वजन आणि पोळ्याच्या बैलाचे घुंगूरपट्टे एवढे आले आहे. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने तिच्या पणजीची पाटली-छापाची लाकडी पेटी आणली, पण आईने दुसऱ्या दिवशी येऊन परत नेली. नेताना म्हणाल्या, "सर, घरीच ठेवतो, पण विकत नाही आता."

गणेशपट्टीखाली पाटी लावायची राहिली आहे. कोणी कोरली ते कळायला मार्ग नाही. साल काय लिहायचे, यावर काकांचे आणि माझे अजून जमत नाही. काका म्हणतात आगगाडी आली त्याच्याही आधीची. मी म्हणतो, इतकी जुनी नसावी.